झाकणाखालची हळद

"तू जरा बाहेरच थांब."

साहेबांनी हे माझ्याकडे न बघताच सांगितलं. त्यांच्या हातात पूजेचं तबक होतं, कपाळावर ओला गंध. खंडेनवमी होती. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत सकाळपासून यंत्रांची पूजा चाललेली. बॉयलरला हार घालून झाला, पंपांना घालून झाला. आता प्रयोगशाळेतल्या काचेच्या उंच भांड्याची पाळी होती. ते भांडं मी उभं केलेलं. त्याच्या नळ्या मी जोडलेल्या, वरची ढवळायची मोटर मी बसवून घेतलेली. आणि पूजेला मी उंबऱ्याबाहेर.

"का साहेब?"

"केसांच्या शेडमधून आलीयेस ना तू? ओवळ्याने पूजेत चालत नाही."

शेडमधून मी एकटी आले नव्हते. माझ्या पुढेच शेडचा सुपरवायझर आलेला. त्याच्या पँटला अजून केस चिकटलेले होते. त्याने दारात बूट काढले, आत गेला, गंध लावून घेतला आणि हात जोडून पहिल्या रांगेत उभा राहिला. त्याला कोणी ओवळा म्हटलं नाही. मी हातपाय धुऊन, केस पुन्हा विंचरून आले होते.

त्यातून काय समजायचं ते मी समजले. लहानपणापासून समजतच आले होते. संताप आला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

आधी हे केसांचं प्रकरण सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमची कंपनी माणसाच्या केसांपासून अमिनो आम्लं काढायची. सलूनवाल्यांकडून गोळा केलेले केस पोत्यांतून यायचे. मागच्या शेडमध्ये ते तेजाबात उकळत ठेवायचे. केस विरघळून काळपट तपकिरी पाणी व्हायचं. त्यातलं एक अमिनो आम्ल सहज तळाशी बसायचं, ते औषधवाले घेऊन जायचे. बाकीची अमिनो आम्लं त्या पाण्यातच राहायची. ती वेगळी काढणं परवडत नसे, म्हणून सगळं पाणी वाया जायचं. शेडमधला वास असा की डबा उघडायची इच्छा होऊ नये. घरी गेल्यावर माझ्या वेणीला तोच वास यायचा.

मी केमिस्ट्रीत एमएस्सी झालेली. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मुलाखतीला साहेबच होते. ते संशोधन विभागाचे प्रमुख, डॉक्टरेट केलेले. माझे मार्क बघून खूश झाले. मग विचारलं, "वडील काय करतात?"

मी खरं ते सांगितलं. माझे बाबा ठाण्यात मेलेली जनावरं उचलायच्या गाडीवर होते. कुत्रं, म्हैस, बैल, रस्त्यावर जे मरून पडेल ते. आम्ही कोपरीत राहायचो, बौद्ध वस्तीत. साहेब नौपाड्याचे. मध्ये ठाणे स्टेशनचे रूळ, बाकी काही लांब नाही.

साहेब हसले. "अरे वा. मग वासाची सवय घरातूनच असेल तुला."

मीही हसले. नोकरी हवी होती.

नेमणुकीत माझं पद ट्रेनी केमिस्ट होतं आणि जागा शेडमध्ये. माझ्याबरोबर लागलेली शुभांगी पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळेत, पांढऱ्या कोटात. तिचे मार्क माझ्यापेक्षा कमी होते. तिच्यावर मी कधी रागावले नाही, स्वभावाने गोड मुलगी. जेवायच्या सुट्टीत मला हाक मारून बोलवायची. मी पाणी प्यायला उठले की माझ्या आधी उठायची, माठातलं पाणी ग्लासात ओतून द्यायची. "बस गं तू, दमली असशील," म्हणायची. इतक्या मायेने म्हणायची की माठाला माझा हात कधीच लागत नाही, हे बरेच दिवस माझ्या लक्षातच आलं नाही.

साहेबांना त्या वाया जाणाऱ्या पाण्यासाठी नवी पद्धत बसवायची होती. उलट्या मायसेलची. गोष्ट तशी सोपी आहे. साबणाच्या प्रत्येक रेणूला एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं. आणि एक शेपूट असतं, त्याला तेल आवडतं. पाण्यात ते गोळा होऊन बसतात, त्या गोळ्याला मायसेल म्हणतात. त्यात डोकी बाहेर, शेपट्या आत. पण त्याच साबणाच्या जातीचं रसायन पेट्रोलसारख्या द्रावकात घातलं की सगळं उलटं होतं. डोकी आत वळतात, शेपट्या बाहेर राहतात आणि मधोमध पाण्याचा एक सूक्ष्म थेंब धरून ठेवतात. केसांच्या आंबट पाण्यावर हे द्रावक ओतून ढवळलं की अमिनो आम्लं खालच्या घाणीतून सुटतात आणि वर त्या थेंबांत जाऊन बसतात. कारण आंबट पाण्यात त्यांच्यावर धन भार असतो आणि त्या डोक्यांवर ऋण. मग वरचा थर दुसऱ्या भांड्यात घ्यायचा आणि त्याला सोड्याचं खारं पाणी द्यायचं. तिथे ओढ संपते. अमिनो आम्ल थेंब सोडून पाण्यात उतरतं. घाण मागे राहते.

साहेब हे कोणालाही समजावताना म्हणायचे, "गोल पंगत बसलीय असं समजा. तोंडं आत, पाठी बाहेर. आणि मध्ये वाढलेलं ताट."

सगळ्यांना ते आवडायचं. मला मात्र नौपाड्यातलं एक कार्यालय आठवायचं. आई तिथे लग्नाची भांडी घासायला जायची, मला बरोबर न्यायची. मोरीच्या दारातून पंगत दिसायची. दिसायच्या त्या नुसत्या पाठी. जरीकाठाच्या, मलमलच्या, घामेजलेल्या पाठी. जिलबीचा वास यायचा, जिलबी दिसायची नाही. मी आईला म्हणायचे, "ते आपल्याकडे का बघत नाहीत?" आई म्हणायची, "जेवतायत ना गं."

तर ही पद्धत कागदावर चालायची, भांड्यात चालायची नाही. आधीचा केमिस्ट ढवळायचा वेग वाढवायचा आणि सगळ्याचा दुधासारखा फेस व्हायचा. पाणी आणि द्रावक वेगळे व्हायचेच नाहीत. तो कंटाळून दुसरीकडे गेला. मग साहेबांनी मला शेडमधून दुपारचं बोलवायला सुरुवात केली. मी काही फार मोठं केलं नाही. वेग कमी केला, पात्यांचा आकार बदलून घेतला, मीठ थोडं वाढवलं आणि थांबायला शिकले. एका दुपारी दोन्ही थर स्वच्छ वेगळे झाले. मधली रेष सुरीने कापल्यासारखी. मी एकटीच होते. मोठ्याने ओरडले. इतका आनंद मला एमएस्सीचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

साहेबांनी पाठ थोपटली नाही, पण शब्द दिला. "दसऱ्यानंतर हा माल घेणारी बाहेरची मंडळी ट्रायल बघायला येणार आहेत. ती नीट पार पडली की तुला कायमची लॅबमध्ये घेतो."

मला ती जागा हवी होती. अगदी हपापल्यासारखी हवी होती. पांढरा कोट, खिडकीजवळचा ओटा, वास नसलेली वेणी. बाबांनी कोटासाठी कापड आणूनही ठेवलं. शिवला मात्र नाही. म्हणाले, "हातात आल्यावर शिवू."

आणि अशी मी खंडेनवमीला उंबऱ्याबाहेर उभी होते.

आत साहेबांच्या पत्नी होत्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. दरवर्षी पूजेला त्या नौपाड्याहून यायच्या, रेशमी साडी, हातात चांदीची वाटी. त्यांनी भांड्याच्या काचेला हळदीकुंकवाची बोटं लावली. मोटरला झेंडूचा हार घातला. हार नीट बसेना म्हणून सुपरवायझरने वरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. भांड्यात ट्रायलसाठी भरलेलं द्रावक होतं, पाण्यासारखं नितळ.

साहेब म्हणाले, "आतसुद्धा वाहा गं. खरं काम त्याच्या पोटातच चालतं."

वहिनी हसल्या आणि त्यांनी हळदीची चिमूट उचलली.

मी दारातूनच म्हणाले, "साहेब, आत नको. हळद द्रावकात उतरेल. माल खराब होईल."

सगळे वळले. साहेब वळले नाहीत.

"बाहेरून बोलू नकोस," ते म्हणाले.

वहिनींनी आधी हळद वाहिली, मग कुंकू, मग अक्षता. कुंकू गाळासारखं खाली गेलं. अक्षतांचे दाणे तळाशी जाऊन बसले. हळद मात्र विरघळत गेली आणि नितळ द्रावक हळूहळू पिवळं झालं. आरती झाली. मी चौकटीत उभी राहून ते पिवळेपण बघत होते. शेवटी शुभांगी कागदावर पेढा घेऊन बाहेर आली. कागद माझ्या हातावर वरूनच सोडला.

पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत, धूत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळीच मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, द्रावक बदलू या. निदान गाळून तरी घेते. पाहुण्यांना थोडं थांबवा."

"पूजेचं आहे ते. ओतून गटारात सोडणार का? चिमूटभर हळदीने काय होतं?"

"साहेब, पुढे सोड्याचं पाणी लागणार आहे त्याला."

ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. ते रसायनशास्त्राचे डॉक्टर होते. त्यांना कळलं, हे मला दिसलं. तरी म्हणाले, "तू आपलं काम कर."

मी केलं.

पाहुणे आले. सफारी घातलेली तीन-चार माणसं, त्यातले जे मुख्य ते आपले मराठीच, पिकल्या केसांचे. साहेबांनी त्यांना पंगत सांगितली, तोंडं आत, पाठी बाहेर. ते हसले. मी मोटर चालू केली. केसांचं तपकिरी पाणी आणि पिवळं द्रावक ढवळायला लागलं. तळाच्या अक्षता उठल्या आणि पात्यांबरोबर गोल फिरायला लागल्या. मुख्य पाहुण्यांनी चष्मा सावरून त्या बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं.

थर छान वेगळे झाले. मधली रेष तशीच स्वच्छ. वरचा थर मी दुसऱ्या भांड्यात घेतला आणि त्याला सोड्याचं पाणी दिलं.

ते लाल झालं. विटकरीसारखं लाल.

हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं? हे कळायला एमएस्सी लागत नाही. लग्नघरातली साडी धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे आणि ती साडी नेसणाऱ्या बाईलाही माहीत आहे. जेवताना सदऱ्यावर वरण सांडलेल्या प्रत्येक पुरुषाने बायकोच्या हातात तो डाग लाल होताना बघितलेला आहे. त्या खोलीत हे ठाऊक नसलेलं एकही माणूस नव्हतं.

साहेब पाहुण्यांकडे वळले. शांतपणे, जरा हसून म्हणाले, "आमची ही मुलगी नवीन आहे. मागे केसांच्या शेडमध्ये असते. हात नीट धुतले नसणार. आता यांच्याकडे स्वच्छतेचं... तुम्हाला माहितीच आहे."

कोणीतरी हसलं. सुपरवायझरने मान हलवली. मुख्य पाहुणे म्हणाले, "जाऊ द्या हो. होतं असं." त्यांची नजर अजून पहिल्या भांड्यावर होती. तिथे मोटर बंद झालेली आणि अक्षता पुन्हा तळाशी बसत होत्या.

मी माझे हात बघितले. खरंच बघितले. उलटे करून, सुलटे करून. तेजाबाने सालं निघालेली बोटं, नखं कापलेली, साबणाने पांढरी पडलेली. इतकी माणसं बघत असताना मी स्वतःचेच हात तपासत होते. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते. हात घाण होते म्हणून नाही. मी ते तपासले म्हणून.

"ही हळद आहे," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही नीट. मी पुन्हा म्हणाले, "पूजेची हळद आहे ही."

"देवाधर्माला मध्ये आणायचं नाही," साहेब म्हणाले. "स्वतःची चूक झाकायला तर मुळीच नाही."

मी शुभांगीकडे बघितलं. ती ओट्यावरची बाटली उचलून तिचं लेबल वाचत होती. त्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर होतं.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज एकदम बदलला, अगदी घरातल्यासारखा.

"बस. हे बघ, मला कळत नाही असं वाटतं का तुला? हळदच आहे ती. पण मी काय सांगायला हवं होतं त्यांना? माझ्या बायकोने भांड्यात हळद टाकली म्हणून? लोक हसले असते."

"माझ्यावर हसले, साहेब."

"तुझं वेगळं आहे." हे ते इतक्या सहज म्हणाले की त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या गावीही नव्हतं. "ती माणसं परत येतील. मी बोललोय. उद्या सकाळी सगळा स्टाफ जमेल तेव्हा फक्त एवढं म्हणायचं, चूक माझ्या हातून झाली, माफ करा. विषय संपला. सोमवारपासून तू लॅबमध्ये. मी शब्द दिलाय तुला, तो पाळणार."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. जागा समोर ठेवलेली होती. किंमत एक वाक्य. मी म्हटलं, "विचार करून सांगते."

घरी बाबा नुकतेच कामावरून येऊन आंघोळ करत होते. ते घरात यायच्या आधी बाहेरच्या मोरीवर कार्बोलिक साबणाने अंग घासायचे. कातडी निघेल इतकं. मी दारात बसून सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरून पाणी ओतलं.

"बोलून टाक ना पोरी," ते म्हणाले. "एक शब्द तर टाकायचाय तोंडातून. मी दिवसभर टाकतो. गाय उचलायला गेलो की बोलतात, उशीर केलास. लवकर गेलो तर बोलतात, वाटच बघत होतास काय मरायची. मी बोलतो, चुकलो मालक. काय होतंय? रात्री भात मिळतो."

"बाबा, माझी चूक नाहीये."

"माझी तरी कुठं असते?" ते म्हणाले. मग हळूच, "कापड आणून ठेवलंय गं."

आई आत चूल सारवल्यासारखा ओटा पुसत होती, तोच तोच भाग. बाबांवर मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांची पाठ लाल झालेली, साबणाचा फेस खांद्यावर. नुसतं रडू आलं. झोपताना मी ठरवलं, म्हणून टाकू. बाबांसाठी म्हणून टाकू. जन्मभर त्यांनी केलं, मी एकदा करीन.

सकाळी प्रयोगशाळेत सगळा स्टाफ जमला. साहेब ओट्यापाशी, बाजूला सुपरवायझर, शुभांगी, क्लार्क, शेडमधली माणसं मागे. भांडं तसंच होतं, हार सुकलेला. मी दारापर्यंत आले आणि थांबले.

कोणी थांबवलं नव्हतं. "ये ना आत," साहेब म्हणाले सुद्धा. पण माझे पाय उंबऱ्याशी आपोआप थांबले होते. खंडेनवमीला जिथे उभी होते, नेमक्या तिथे. चौकटीला टेकायला हातही गेलेला. मी खाली माझ्या पायांकडे बघितलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. एकदाच सांगितलं होतं मला, बाहेर थांब. माझ्या पायांनी ते कायमचं ऐकून ठेवलं होतं. बाबांच्या जिभेने ऐकून ठेवलं तसं. आज एक वाक्य बोलले की माझी जीभही शिकणार. मग मी रोज तेच बोलणार. पांढरा कोट घालून बोलणार, एवढाच काय तो फरक.

आणि तिथे उभ्या उभ्या मला दिसलं की इथून भांड्यापर्यंत हात पोचतच नाही.

"बोल," साहेब म्हणाले.

मी उंबरा ओलांडून आत गेले. सरळ भांड्यापाशी. आवाज आज बारीक नव्हता.

"मी माफी मागणार नाही. भांड्यात हळद मी टाकलेली नाही. मला टाकताच आली नसती. पूजेच्या वेळी मी बाहेर होते. तुम्ही ठेवलं होतंत मला बाहेर. ह्या सगळ्यांनी बघितलंय."

सुपरवायझरची नजर झाकणावर गेली.

"झाकण काढलं तेव्हा जे आत होते त्यांच्यापैकी कोणीतरी माफी मागावी," मी म्हणाले. "मी आत नव्हते."

साहेबांचा चेहरा त्या सोड्याच्या पाण्यासारखा झाला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लायकी बघून घेतलं तुला इथे..."

"लायकी बघून शेडमध्ये घेतलंत. आणि शेडमधून आलेला तो माणूस पूजेला ह्याच जागी हात जोडून उभा होता. त्याला ओवळं लागलं नाही, मला कसं लागलं? सांगा. सगळ्यांसमोर सांगा. एकदा तोंडाने म्हणा."

त्यांनी ते म्हटलं नाही. अशी माणसं ते कधीच तोंडाने म्हणत नाहीत. ते म्हणाले, "बाहेर हो."

शेडमधली माणसं खाली बघत होती. शुभांगी रडत होती. सुपरवायझर माझ्या दंडाला धरून बाहेर काढायला पुढे आला आणि हात लावायच्या आधी अडखळला. हात लावावा की नाही, हे त्याला कळेना. इतक्या गंभीर प्रसंगात मला हसू आलं. मी माझ्या पायांनी बाहेर पडले.

गेटपर्यंत शुभांगी धावत आली.

"अगं, सॉरी बोलून टाकलं असतंस तर? एवढंसं तर होतं."

"शुभांगी, अक्षता फिरताना तू बघितल्यास ना?"

तिने मान खाली घातली. "बघितल्या."

"मग बोललीस का नाहीस?"

"माझं लग्न ठरलंय गं. घरात माझ्या जॉबची गरज आहे." मग थोड्या वेळाने, "मला भीती वाटली."

तिने माझा हात धरला. पहिल्यांदाच. मी तो सोडवून घेतला. तिला वाईट वाटलं असेल. मला तेव्हा तिच्या वाईट वाटण्याची काळजी करायची नव्हती.

बाबा बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. कोटाचं कापड आईने ट्रंकेत टाकलं. कंपनीतून कोणाचा निरोप आला नाही. पुढे कळलं की द्रावक बदलून ट्रायल पुन्हा घेतली आणि ती पार पडली. माझाच वेग, माझीच पाती, माझंच मीठ. माझं नाव कुठे घेतलं गेलं नाही. हे ऐकून मी पाण्यासाठी धरलेली कळशी तशीच नळाखाली सोडून घरात आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जळफळाट झाला. अजूनही होतो. तो जावा असं मला वाटतही नाही.

वर्ष फिरलं तोवर मला वागळे इस्टेटमध्ये एका लहान रंगाच्या कारखान्यात काम मिळालं. पगार कमी, जागा कोंदट. पण ढवळायचं एक भांडं माझ्या ताब्यात. मालक तरुण होता, मला ताई म्हणायचा. खंडेनवमी आली. त्याची आई पूजेला आली, तसंच तबक, तशीच चांदीची वाटी. सगळी मंडळी भांड्याभोवती जमली. मी माझ्या जागेवर, भांड्यापाशी.

मालक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? आई जुन्या वळणाची आहे. पाच मिनिटांचा प्रश्न."

नोकरी जायला एवढंच पुरलं असतं, मग घरी बाबांना पुन्हा काय सांगायचं? मी उजवा हात झाकणावर ठेवला.

"नाही थांबणार," मी म्हणाले. "हे भांडं मी चालवते. काचेला काय लावायचं ते लावा. झाकण उघडणार नाही आणि मी इथून हलणार नाही."

म्हातारीने मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तबक हातात तसंच. तिने काचेला हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं. लावत लावत वर आली, झाकणाच्या कडेला, माझ्या बोटांपाशी. तिथे तिचं बोट थांबलं.

मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले. सगळे वाट बघत होते, मी हात काढून घेईन म्हणून.

मी काढला नाही. त्या वर्षी नाही, त्यानंतर कुठल्याच वर्षी नाही. काढणार नाही.